एवढ्या लांबून कंदील दिसतो का?

"हा सिनेमा ज्याला आवडणार नाही ना, त्याच्या छातीत हृदयाऐवजी कापसाचा बोळा भरलाय असं मी खुशाल समजेन!"

दातांच्या डॉक्टरांनी ही घोषणा दारातच, एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत केली. दुपारच्या एका पेशंटने ऐनवेळी येणं रद्द केलं म्हणून ते सहज समोरच्या थिएटरात शिरले होते, ते डोळे सुजवून बाहेर आले होते. एवढे रडले, की शेजारच्या अनोळखी बाईने आधी स्वतःचा रुमाल दिला आणि मग जागाच बदलली!

सिनेमा गावभर गाजत होता. एका दीपगृहाचा म्हातारा रखवालदार. त्याचा मुलगा भांडून जहाजावर निघून गेलेला. बापलेकांत वर्षानुवर्षं बोलणं नाही. शेवटी एका वादळात दीपगृहाचा मोठा दिवा बंद पडतो, खाली धुक्यात मुलाचं जहाज खडकांवर चाललेलं असतं, आणि म्हातारा साधा हातातला कंदील घेऊन सज्जात उभा राहतो आणि हलवत राहतो. जहाज वाचतं. मुलगा भिजलेल्या अंगाने वर येतो. आणि बाप एवढंच म्हणतो, "आलास? जेवून घे."

हे 'जेवून घे' डॉक्टरांच्या थेट काळजात रुतलं होतं. कारण घरात त्यांचे बाबा होते.

बाबांची सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. माणूस सरळ, पण बोलणं मोजकं. डॉक्टरांनी स्वतःचा दवाखाना उघडला त्या दिवशी बाबा बघायला आले. नवी खुर्ची बघितली, वरचा झगझगीत दिवा बघितला, भिंतीवरची पदवी चष्मा लावून वाचली. डॉक्टर श्वास रोखून उभे. बाबा म्हणाले, "या इमारतीची लिफ्ट डावीकडे ओढते." बस! तेव्हापासून आजपर्यंत दोघांचं बोलणं गळका नळ, रक्तदाब आणि पंख्याचा आवाज याच्यापुढे गेलं नव्हतं.

"बाबांना हा सिनेमा दाखवायचा," डॉक्टर बायकोला हळूच म्हणाले. "त्यांच्या शेजारी बसून बघायचा. मला जे बोलता येत नाही ते सगळं त्यात आहे. रविवारची तिकिटं काढली मी. पण त्यांना आधी सांगायचं नाही. लोक काहीबाही बोलतात आणि मग माणूस वाकडं मन घेऊन जातो."

"आणि दादा? तो रविवारी संध्याकाळी आपल्याकडे येणारे."

"त्यांचंही काढलंय!"

इथे डॉक्टर चुकले. दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. वीज खात्यात निरीक्षक. चुका शोधायचा पगार मिळतो आणि सुट्टीच्या दिवशी तेच काम तो फुकट करतो. त्याच संध्याकाळी तो काही कामाने घरी आला. बाबा फिरायला गेले होते, म्हणून डॉक्टरांनी त्याला सगळी गोष्ट रंगवून सांगितली. शेवटचा प्रसंग तर उभं राहून, हातात चार्जिंगचा दिवा घेऊन करून दाखवला!

दादा शांतपणे चहा पीत होता.

"छान आहे हो, डॉक्टर. फक्त एक सांगा. समुद्र आहे. बरोबर?"

"बरोबर."

"धुकं आहे. वादळ आहे. बरोबर?"

"अहो, हो."

"मग एवढ्या लांबून कंदील दिसतो का?"

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला. "दादा, तो बापाचा कंदील आहे!"

"कंदील बापाचा असो नाहीतर काकाचा. वातीचा उजेड तेवढाच पडतो."

दादा चहा संपवून निघून गेला, पण कंदील डॉक्टरांच्या डोक्यात मागे राहिला. मघापर्यंत ज्या प्रसंगाच्या नुसत्या आठवणीने गळा दाटून येत होता, तिथे आता धुकं दिसू लागलं. नुसतं धुकं! मनातल्या मनात डॉक्टर जहाजावर उभे राहून बघायचे आणि त्यांना काहीही दिसायचं नाही!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी आधार शोधायला सुरुवात केली. पेशंटच्या तोंडात आरसा, नळी आणि कापूस घातल्यावर विचारायचं, "तो दीपगृहाचा सिनेमा बघितलात? सुंदर आहे, नाही?" पेशंट म्हणायचा, "आँ." डॉक्टर हा होकार धरायचे. अशा होकारांवर दुपारपर्यंत जीव जरा थाऱ्यावर आला. मग एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी तोंडात काही घालायच्या आतच उत्तर दिलं.

"रडका सिनेमा! त्या मुलाला बापाला एक फोन करता येत नव्हता?"

"अहो बाई, तो जुना काळ दाखवलाय. तेव्हा फोन कुठले?"

"पहिल्याच प्रसंगात टेबलावर फोन आहे. काळा. मी बघितला."

डॉक्टर पहिला प्रसंग आठवू लागले. फोन होता? त्यांना कसा दिसला नाही? फोन असेल तर सगळं भांडण, सगळा विरह, सगळी वर्षं... कशासाठी? याच तंद्रीत त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं.

"झालं हं बाई. आता ठणका थांबेल."

"थांबेल कसा?" बाई म्हणाल्या. "ठणका उजवीकडे आहे. तुम्ही डावीकडे टोचलंत."

मग उजवीकडेही टोचावं लागलं. बाई बाहेर पडल्या तेव्हा त्यांचा चेहरा अर्धवट उघड्या राहिलेल्या खणासारखा दिसत होता. तरी दारात थांबून, बधिर जबड्यातून, एकेक अक्षर ढकलत त्या म्हणाल्याच, "व्होन... व्होता!"

इथून पुढे डॉक्टरांना एकच ध्यास लागला. आपलं नासलं ते नासलं, पण बाबांच्या कानावर यातला एक शब्द जाता कामा नये! त्यांनी कोऱ्या मनाने बघायला हवा. त्यांना आवडला, की आपल्यालाही परत आवडेल.

रविवार उजाडला. बाबा उठायच्या आधी डॉक्टरांनी पेपर उचलला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आतल्या पानावर भलंमोठं परीक्षण! मथळा होता, 'अश्रूंचा महापूर, अकलेचा दुष्काळ'. दुसऱ्याच परिच्छेदात कंदील. तिसऱ्यात फोन!

डॉक्टरांनी टाके कापायची बारीक कात्री आणली. परीक्षण कडेकडेने असं सफाईने कापलं, की हिरडीलासुद्धा दुखलं नसतं. तो तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला, वर चहाचा चोथा ओतला आणि पेपराची नीट घडी घालून बाबांच्या खुर्चीवर ठेवून दिली.

पान उलटून बघायचं मात्र त्यांना सुचलं नाही. त्यांना हे पुढे संध्याकाळी कळलं, तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. परीक्षणाच्या बरोबर मागे निधनवार्ता होत्या!

आणि बाबा पेपर वाचायला सुरुवात करत ती निधनवार्तांपासूनच. त्याला ते 'हजेरी घेणं' म्हणत. कोण आहे, कोण नाही, हे एकदा कळलं की मग जगात काय चाललंय ते बघायचं, असा त्यांचा क्रम.

बाबा खुर्चीत बसले. चष्मा लावला. पान उघडलं. हजेरीच्या जागी भोक! भोकातून पलीकडे स्वयंपाकघराचं दार दिसत होतं आणि दाराआडून डॉक्टरांचा एक डोळा त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

बाबांनी पेपर खाली घेतला. डोळा नाहीसा झाला.

बाबांना सगळं उमगलं. आपल्यातलं कोणीतरी गेलंय, फार जवळचं, आणि पोराला सांगायचा धीर होत नाहीये. त्यांनी विचारलं नाही. विचारून पोराला कशाला कोंडीत पकडायचं? ते फोन घेऊन गच्चीत गेले, काचेचं दार लावून घेतलं आणि एकेका मित्राला फोन करू लागले. "आहेस ना? बरं. ठेवतो."

काचेच्या अलीकडे डॉक्टर तळमळत उभे. त्यांना आवाज येत नव्हता, नुसते फोन दिसत होते. एक फोन, दोन शब्द, मान हलवणं. दुसरा फोन, दोन शब्द, मान हलवणं.

"कळलं त्यांना!" डॉक्टर बायकोच्या कानाशी कुजबुजले. "भोक बघून संशय आला. आता सगळ्यांना विचारतायत सिनेमा कसा आहे. आणि बघ, बघ! एकेक जण दोन शब्दांत निकाल लावतोय!"

"अहो, तुम्ही आधी काहीतरी खाऊन घ्या," बायको म्हणाली. बँकेत काम करत असल्यामुळे घाबरलेल्या माणसांशी बोलायची तिला सवय होती.

सगळे मित्र जागेवर होते. एक सोडून. घड्याळकाका! ते घड्याळं दुरुस्त करायचे, आणि त्यांना फोन केला की पहिल्या घंटीला उचलायचे, अशी त्यांची ख्याती. आज फोनच लागेना. बाबा चपला घालून त्यांच्या घरी गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, "सकाळीच सगळे घाईघाईने गाडीतून गेले. काकांना दोघांनी धरून बसवलं."

बाबा परत आले ते दहा वर्षांनी म्हातारे होऊन. जेवणाच्या ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांना राहवेना. ते खुर्ची ओढून जवळ बसले.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही." मग ताट बाजूला सारून बाबा म्हणाले, "मला कळलंय रे. लपवू नकोस आता."

डॉक्टरांचे खांदे पडले. "कळलं तुम्हाला? कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? भोक बघितलं मी."

"बाबा, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून कापलं हो! पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लोक म्हणतात तेवढं काही ते वाईट नाही."

"वाईट नाही?" बाबांनी मान वर केली.

"मुळीच नाही! मी स्वतः बघितलंय. मला तर फार आवडलं!"

बाबा पोराकडे बघतच राहिले.

"खरं सांगतो," डॉक्टर आता रंगात आले, "सुरुवात जरा लांबली, पण शेवट! काय सुंदर शेवट, बाबा! मी रडलो, पण आनंदाने रडलो! शेजारची बाई उठून गेली."

"तू... तिथे होतास?"

"हो ना! शेवटपर्यंत! आणि आज संध्याकाळी आपण सगळे मिळून जायचं. दादाही येतायत."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला, आणि सुनेला हाक मारून हळूच विचारलं, "याच्या दवाखान्यात हल्ली काही ताण आहे का गं?"

"आहे," सून म्हणाली. "सिनेमाचा." पण बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं.

संध्याकाळी बाबा साधा पांढरा सदरा घालून, पडलेल्या चेहऱ्याने गाडीत बसले. गाडी थिएटरासमोर थांबली. रोषणाई, पॉपकॉर्नचा वास, लहान पोरांचा दंगा. बाबांनी एकदा पोराकडे पाहिलं. घड्याळकाका गेले, आणि हा मला सिनेमाला आणतो! मग त्यांना वाटलं, बिचारा माझं मन रमवायला धडपडतोय. आपण उतरलं पाहिजे. ते उतरले.

आत डॉक्टरांच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला दादा, पलीकडे बायको. दिवे मालवले. आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं, की आपण पडद्याकडे बघतच नाही आहोत! ते बाबांकडे बघत होते. बाबांचा चेहरा दगड. मग दादाकडे. दादा "च्च" म्हणाला. का म्हणाला? कशाला म्हणाला? डॉक्टरांनी झटकन पडद्याकडे बघितलं. टेबलावर फोन! काळा! ढळढळीत!

त्यानंतर मात्र त्यांना चुका सोडून काही दिसेना. तीच लाट त्याच खडकावर पुन्हा पुन्हा आपटत होती. मुलाची मिशी एका प्रसंगात जाड, दुसऱ्यात बारीक. आणि मग म्हातारा रखवालदार पहिल्यांदा हसला, आणि डॉक्टर खुर्चीत ताठ झाले.

दात! आयुष्य दीपगृहात काढलेला, विडी ओढणारा, गरीब म्हातारा. आणि तोंडात संगमरवरासारखी नवीकोरी बत्तिशी! एकेक दात मापाने बसवलेला! डॉक्टरांना धक्का याचा बसला, की आपण, दातांचे डॉक्टर, समोरचा माणूस नमस्कार करायच्या आत त्याची दाढ ओळखणारे, आपल्याला पहिल्या वेळी हे दिसलंच नव्हतं! तेव्हा फक्त म्हातारा दिसला होता. आता म्हातारा गेला आणि दात राहिले.

"बाबा, हा भाग जरा संथ आहे," ते घाबरून कुजबुजले, "पण पुढे चांगलं होतं."

"हं."

"बाबा, आता एक गाणं येईल. ते फारसं मनावर घेऊ नका."

"हं."

"बाबा, त्याचे दात..."

"ओ साहेब!" मागून आवाज आला. "तुम्ही बघितलाय ना? मग आम्हाला बघू द्या की!"

डॉक्टर गप्प बसले. बाबा अंधारात डोळे मिटून होते. झालं! बाबांना झोप येतेय! पडद्यावर रखवालदार मुलाचं जुनं पत्र उराशी धरून बसला होता, आणि त्याला बघून डॉक्टरांना त्याची लाज वाटत होती, जणू तो त्यांचाच कोणी गरीब नातेवाईक असून लग्नघरी वेडंवाकडं वागत होता.

मध्यंतर झालं. बायकोने नवऱ्याचा चेहरा पाहिला, भावाला बाजूला नेलं आणि बोट नाचवत काहीतरी सांगितलं. डॉक्टर पॉपकॉर्नच्या रांगेत उभे राहिले. वळून बघतात तर काय! खांबाजवळ बाबा कुणालातरी घट्ट मिठी मारून हुंदके देऊन रडत होते! अगदी लहान मुलासारखे!

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. पोचला! सिनेमा पोचला! मध्यंतरातच पोचला! त्यांचेही डोळे भरून आले. ते पॉपकॉर्न सांडत धावले.

बाबांच्या मिठीत घड्याळकाका होते. गुदमरलेले.

"अरे, सोड की! काय झालंय तुला?"

"फोन का उचलत नव्हतास, मूर्खा?"

"पाण्यात पडला, दुरुस्तीला दिलाय! सून आणि नातवंडं म्हणाली, आज दिवसभर फिरू आणि मग सिनेमा. पाय मुरगळला होता म्हणून धरून गाडीत बसवलं. सोड आता, लोक बघतायत!"

डॉक्टरांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा, मला माहीत होतं, तुम्हाला भिडणार!"

बाबा डोळे पुसत हसले.

दुसरा अर्धा भाग मात्र डॉक्टरांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग ठरला. कारण बाबा हसत होते! मित्र जिवंत असल्याचा आनंद त्यांना आवरत नव्हता. जहाज फुटायला आलं, बाबा गालातल्या गालात हसले. दिवा विझला, बाबांनी मांडीवर थाप मारली. सगळं थिएटर नाकं ओढत होतं आणि बाबा पुढच्या रांगेतल्या घड्याळकाकांना हात करत होते!

दुसऱ्या बाजूला दादाला बहिणीची तंबी मिळाली होती. तो आता कौतुक करत होता. तेही निरीक्षण करावं तसं, मोठ्याने.

"वा! काय लाट आहे! नवीनच दिसते! आणि डॉक्टर, मी चुकलो हं. वारा असला की धुकं विरतं. कंदील दिसेल. अगदी स्पष्ट दिसेल! तुम्ही काळजी करू नका!"

"दादा, कृपा करा..."

"वात मोठी केली असेल त्याने. काचही स्वच्छ आहे. दिसणारच!"

"ओ काका!" मागच्याने आता खुर्चीला लाथ मारली. "कंदील दिसतोय आम्हाला! तुमचं डोकं मधे येतंय!"

या गडबडीत म्हातारा "आलास? जेवून घे" कधी म्हणाला, ते डॉक्टरांना ऐकूच आलं नाही.

घरी परतताना आधी दादाला त्याच्या घरी सोडलं. मग मागच्या सीटवरून बाबांनी विचारलं, "बरं, मग गेलं कोण?"

"कुठे गेलं?"

"पेपरातून कापलंस ते. कुणाचं होतं?"

"परीक्षण होतं, बाबा. सिनेमाचं. वाईट लिहिलं होतं म्हणून तुमच्या नजरेला पडू नये..."

बाबांनी हळूहळू सकाळपासूनचा दिवस सांगितला. हजेरी, भोक, फोन, कुलूप. बायको आधी तोंडावर पदर धरून आणि मग उघडच खदखदून हसू लागली. डॉक्टरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. त्यांच्याने चालवेना.

"म्हणजे दिवसभर तुम्हाला वाटत होतं, की घड्याळकाका..."

"आणि तू म्हणालास, शेवट फार सुंदर झाला!"

"बाबा, माफ करा हो," डॉक्टर काकुळतीला आले. "मला वाटलं, तुम्हाला सिनेमा आवडत नाहीये. मी सारखा तुमच्याकडेच बघत होतो."

"दिसलं ते. मान दुखत असेल आता."

डॉक्टरांनी मानेवर हात फिरवला. खरंच दुखत होती. मग त्यांनी जीव एकवटून, समोरच्या काचेकडे बघत विचारलं, "पण... आवडला का?"

"बघितला कुठे मी? पहिला अर्धा मित्र मेला होता, दुसरा अर्धा जिवंत झाला होता." बाबा पुढे वाकले. "तो म्हातारा पोराला शेवटी काय म्हणाला रे? तेवढ्यात तुझा मेव्हणा काचेबद्दल बोलत होता."

डॉक्टरांना ते दोन शब्द बोलता येईनात. त्यांनी नुसती मान हलवली.

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बघायला हवा. तू एवढा जीव टाकतोयस, म्हणजे काहीतरी असेल त्यात. उद्या जाऊ या का आपण दोघंच?"

डॉक्टरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आपण दोघंच! बाबा! स्वतःहून! त्यांचे डोळे गच्च भरले. पहिल्या दिवशी भरले होते, तसेच.

"जाऊ या की, बाबा! उद्या दवाखाना बंद! दुपारचाच खेळ बघू! मधल्या रांगेतली तिकिटं काढतो!"

"हो, काढ," बाबा म्हणाले. "पण तू बाहेर बस."